चहाच्या आधी, की नंतर?

दवाखान्यात किती वेळ बसावं लागणार, हे मी दारातल्या चपलांवरून सांगतो. जोड मोजायचे आणि तिनाने भागायचं. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. एक जण त्याला धरायला असतो आणि एक त्याच्या वतीने बोलायला. जतकडचा पेशंट असेल तर चाराने भागावं, कारण कानडीचं मराठी करायला आणखी एक माणूस लागतो. हे गणित कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं. तिथे हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये आम्हाला जठराची आकृती पाठ करायला लावली आणि 'नकाराकडे संधी म्हणून बघा' असं सांगितलं. नकार मिळवायला आधी आत जावं लागतं, ते सांगायचं राहून गेलं.

मी एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांना कंपनीच्या औषधांची माहिती देत फिरणारा मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. लग्न ठरवायच्या दिवसांत आमचे काका स्थळांना हे अभिमानाने सांगायचे, तेव्हा निम्मे लोक एमआरआय समजायचे आणि मशीन केवढ्याला पडलं ते विचारायचे. खुलासा झाला की उरलेले निम्मे विचारायचे, "म्हणजे फिरतीची का?" आणि पोह्यांची दुसरी प्लेट यायची थांबायची.

माझं हेडक्वार्टर सांगली, पण भाकरी मिरजेची. 1894 मध्ये डॉक्टर वॉन्लेस यांनी इथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून लागलेली दवाखान्यांची रांग अजून संपलेली नाही. एका गल्लीत सतारीच्या तारा जुळवतात, पुढच्या गल्लीत हाडं. दिवसाला दहा-अकरा डॉक्टर आणि पाच-सहा केमिस्ट करायचे, असा आमचा रतीब. हल्ली मोबाइलमधलं अ‍ॅप नजर ठेवतं. मी डॉक्टरांच्या दारात उभा आहे, हे अ‍ॅपला कळतं. डॉक्टरांना कळत नाही.

दारावर पाटी असते : 'एम. आर. साहेबांनी दुपारी 2 नंतर भेटावे.' उभ्या आयुष्यात मला साहेब म्हणणारी ही एकमेव पाटी. खऱ्या साहेब काउंटरवरच्या मावशी. त्यांच्या मुलीला दहावीला किती पडले, त्यांच्या गुडघ्याला कुठलं तेल मानवतं, भाडेकरू भाडं कधी थकवतो, सगळं मला ठाऊक आहे. डॉक्टरांना नऊ वर्षांत माझं नाव ठाऊक नाही. या धंद्यात नावाने कोणी कोणाला ओळखतच नाही म्हणा. मी 'अ‍ॅसिडिटीवाले'. बाकावर माझ्या शेजारी बसतो तो 'जुलाबवाले'. कागदोपत्री आम्ही प्रतिस्पर्धी, कारण त्याच्याकडेही अ‍ॅसिडिटीची एक गोळी आहे. प्रत्यक्षात त्याच्या गाडीत पेट्रोल नसलं की तो माझ्या मागे बसतो आणि माझा टाय सुटला की तो बांधून देतो. मिरजेच्या मे महिन्यात टाय बांधणारे दोनच प्रकारचे लोक असतात, आम्ही आणि बँडवाले. बँडवाल्यांना निदान सुपारी मिळते.

आत गेल्यावर मिळतात चाळीस सेकंद, आणि त्यातही डॉक्टर बोअरवाल्याशी फोनवर बोलत असतात. मी व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाचं चित्रांचं पुस्तक, उघडतो. पान एक, जळणारं जठर. पान दोन, हसणारं कुटुंब. डॉक्टर फोनवर विचारतात, "किती फुटांवर लागेल?" मी त्याच सुरात, "सर, पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम." शेवटी फोनवर हात ठेवून ते म्हणतात, "अरे, तुझंच लिहितोय." मग मी शेजारच्या मेडिकलमध्ये जाऊन विचारतो. केमिस्ट ड्रॉवर ओढतो, एक स्ट्रिप काढतो, तिच्यावरची धूळ शर्टाला पुसतो आणि म्हणतो, "गेली होती एक. परत आणून दिली."

तर अशाच एका मे महिन्यात आमचे मॅनेजर जॉइंट वर्कला, म्हणजे माझ्यासोबत दवाखाने फिरायला, आले. मॅनेजर सोबत असला की डॉक्टर हमखास ऑपरेशनमध्ये असतात. चपला मोजल्या : एकतीस. साहेब बाकाच्या एका टोकाला रिपोर्ट चाळत बसले. मधल्या जागेत एक आजी येऊन बसल्या, हातात पिशवी आणि पिशवीत आधीच्या तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. त्यांनी माझा टाय बघितला, बॅग बघितली आणि सरळ जीभ बाहेर काढून दाखवली.

"आजी, मी डॉक्टर नाही. मी गोळ्यांची माहिती द्यायला आलोय."

जीभ आत गेली. "म्हंजे फुकाटच्या गोळ्या तुज्याकडंच असत्यात म्हन की."

आता हिला काय सांगू! मार्च 2024 मध्ये औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता आली. सॅम्पल फक्त डॉक्टरच्या हातात द्यायचं, आणि एका औषधाचे एका डॉक्टरला वर्षाला बाराच पॅक. भेटवस्तू तर बंदच. त्याआधीच्या काळातलं एक घड्याळ अजून आमच्या देव्हाऱ्याच्या वर टांगलंय, त्यावर बद्धकोष्ठतेच्या औषधाचं नाव आहे. आई रोज त्याच्याकडे बघून आरतीची वेळ साधते.

"नाही ओ आजी. नियम आहे."

"बरं ऱ्हाऊदे. ही गोळी बघ. जेवनाआदी अर्दा तास म्हनलाय डागदर. मी म्हनलं, जेवान तर बाराला. मग सकाळचा च्या? च्याच्या आदी का च्याच्या मागनं?"

मी चौदा वर्षं ही गोळी विकतोय. आम्ल बनवणारे जठरातले पंप खाणं आलं की जोरात सुरू होतात, म्हणून गोळी आधी जाऊन बसली पाहिजे, हे मी झोपेत बोलतो. बायको साक्षीला आहे. ट्रेनिंगच्या जाड पुस्तकात पंपाचं चित्र आहे, रेणूची रचना आहे. चहाचा उल्लेख नाही. ज्या मुलखात माणूस डोळे उघडायच्या आत कपाकडे हात नेतो, तिथे! मी मॅनेजरकडे बघितलं. ते रिपोर्टमध्ये जास्तच खोल गेले.

आत गेल्यावर मी नेहमीप्रमाणे जळणारं जठर उघडलं, पण तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच. "सर, बाहेर एक आजी विचारतायत, गोळी चहाच्या आधी की नंतर?"

डॉक्टरांनी बोअरवाल्याचा फोन ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "म्हणजे हे लोक चहा पिऊन गोळी घेतात?"

"सर, चहा, सोबत दोन खारी, मग गोळी, असं असतं बहुतेक ठिकाणी. आमच्याही घरी."

"आणि मग माझ्याकडे येऊन सांगतात, फरक नाही!" त्यांनी आजींना आत बोलावलं आणि चिठ्ठीवर ठसठशीत मराठीत लिहिलं, 'उठल्याबरोबर पाण्यासोबत. चहा अर्ध्या तासाने.' आजी म्हणाल्या, "अर्दा तास? मग सकाळी भांडान हुनार." हे औषध पोटाचं होतं, भांडणाचं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी पुढे काही लिहिलं नाही.

मला म्हणाले, "एक कर, असा एक कागद मोठ्या अक्षरात करून आण. पाण्याच्या माठावर लावू." चिठ्ठीवरची गोळी जुलाबवाल्याच्या कंपनीची होती, हे मी साहेबांना बाहेर आल्यावर सांगितलं नाही. त्यांना ते आतच दिसलं होतं.

घरी मुलीच्या स्केचपेनने कागद केला. तिने कडेला स्वतःहून एक कपबशी काढली, वाफेसकट. साहेबांना फोटो पाठवला तर उत्तर आलं : "छान. ब्रँड नेम कुठे आहे?" मी लिहिलं, जागा उरली नाही, वाफेने घेतली.

पुढच्या महिन्यात गेलो. माठावर कागद होता, एका कोपऱ्यात ओला झालेला. केमिस्टकडे माझ्या सहा स्ट्रिप गेल्या होत्या, जुलाबवाल्याच्या अकरा. मे संपला तरी टाय सुटला नव्हता. चपला होत्या चोवीस, म्हणजे आठ पेशंट. मी नुकताच टेकतोय तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "मावशी, ते चहावाले आले असतील तर आधी पाठवा त्यांना."

मावशींनी खणखणीत पुकारा केला, "ओ चहावाले!"

मी बॅग उचलून उठलो. कोपऱ्यातले एक काका मला वरून खालपर्यंत न्याहाळत म्हणाले, "दोन हाफ आना. एक बिनसाखरेचा, शुगर हाय."