एका पंपाले किती चमचे?

आमच्या मुलीच्या बाटलीचं निपल. दहा मिनिटं उकळलेलं, चिमट्याने उचललेलं, स्वच्छ ताटलीत झाकून ठेवलेलं. परवा सकाळी एका गृहस्थांनी ते दोन बोटांत धरलं, डोळ्याजवळ नेलं, उजेडात फिरवून पाहिलं आणि तोंडाला लावून जोरात फुंकलं. फुर्रर्र. "आता मोकयं झालं," म्हणाले, आणि निपल परत ताटलीत ठेवलं. वर झाकणसुद्धा घातलं.

त्या झाकण घालण्याचा मला जास्त राग आला.

थोडक्यात सांगतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मुक्काम सासुरवाडीला, अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात. सिझर झालं, बाळाचं वजन डॉक्टरांना हवं तसं वाढेना, म्हणून त्यांनी काही दिवस वरचं दूध लिहून दिलं. पावडरचा डबा आला. बाटली भरायचं काम मी मागून घेतलं, कारण सासूबाईंचा हात मोठा. चमचा सपाट करून घालणं त्यांना पाहुण्याला अर्धी पोळी वाढल्यासारखं वाटतं. त्या शिगोशीग घालत होत्या, वर "लेकराले मोजून काय द्याचं" असं मलाच ऐकवत होत्या. पावडर जास्त झाली तर बाळाच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जड, कमी झाली तर वजन वाढत नाही. 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा म्हणजे सपाटच.

आता पाणी. आमची सासुरवाडी खारपाणपट्ट्यात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याचा मोठा भाग असा आहे की जमिनीखालचं पाणी खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. लोक म्हणतात, उकळून घ्या. उकळल्याने जंतू मरतात, मीठ मरत नाही. उलट पाणी आटतं आणि मीठ आहे तेवढंच राहतं. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. म्हणून वीस लिटरचा विकतचा कॅन. तो मी गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतून गॅसवर ठेवला की सासूबाई दारातून बघत राहतात. "विकतचं पानी उकयता? मंग पैसे कायचे देले?" यावर माझ्याकडे उत्तर आहे, पण जावयाने सासूला जंतू समजावून सांगायची पद्धत आमच्याकडे नाही.

बरं, ही पावडर निर्जंतुक नसते. डबा कितीही सीलबंद असो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की पावडर घालताना पाणी 70 अंशांच्या खाली गेलेलं नसावं. पाणी उकळायचं, अर्ध्या तासाच्या आत दूध कालवायचं आणि मग बाटली गार पाण्यात धरून झटपट कोमट करायची. गार पाण्यात! मे महिना, पारा 45 च्या वर. गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी असं, की बाटली गार व्हायच्या ऐवजी आणखी तापते. शेवटी माठातलं पाणी कोपरात, म्हणजे परातीत, ओतून त्यात बाटली उभी करतो. माठातलं पाणी मी संपवतो अशी एक तक्रार त्यामुळे घरात नव्याने सुरू झाली.

डब्यावर लिहिलंय, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. या घरात मे महिन्यात थंड जागा एकच, कूलरच्या तोंडाशी. ती कोरडी नसते, आणि तिथे मामाजी, म्हणजे सासरे, झोपतात.

तर परवा हे सगळं मांडून मी बसलो होतो. मागच्या दाराने काकाजी आले. काकाजी म्हणजे मामाजींचे चुलतभाऊ. घराला घर लागून. सकाळचा चहा रोज इथे. उभा जन्म कपाशी-तुरीत गेला, आणि पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ते जितके चालले असतील तेवढ्यात दोनदा पंढरपूर झालं असतं.

"काय करून राह्यले जवाईबापू?"

"बाटली भरतोय."

"सकाऊनच?"

"दुधाची, काकाजी."

"हाव का." त्यांनी पाट ओढला, बसले, डबा उचलला आणि हात लांब करून लेबल वाचायला लागले. वरून खाली, मग बुडाशी, मग डबा उलटा. मी पाणी मोजत होतो.

"तिरकोन कुठी हाय?"

"कसला त्रिकोण?"

"रंगाचा. लाल, पिवया, निया, हिरवा. हरएक डब्यावर असते. लाल असन तं लय जहर, हिरवा असन तं कमी."

"काकाजी, हे दूध आहे. विष नाही."

"मंग एवढं मापून काहून टाकून राह्यले?"

मी चमचा सुरीच्या पाठीने सपाट करत होतो. तो तसाच हातात राहिला.

"आनखी एक," ते म्हणाले. (अयी म्हणजे अळी.) "अयीच्या दवाईवर अयीचा फोटो असते. तुडतुड्याच्या दवाईवर तुडतुडा. याच्यावर लेकराचा फोटो काहून नाई? ड्युप्लिकेट माल तं नाई देला तुमाले?"

आता हे मला ठाऊक होतं, आणि जावयाला सासुरवाडीत काही ठाऊक असण्याची वेळ क्वचित येते, म्हणून मी जरा सविस्तरच सांगितलं. 1992 चा कायदा आहे. तान्ह्यांच्या दुधाच्या डब्यावर बाळाचं चित्र छापायचं नाही, त्याची जाहिरात करायची नाही, बाटलीचीही नाही, आणि आईचं दूध सर्वांत उत्तम हे डब्यावर छापलंच पाहिजे. कायदा चांगला आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त पहाटे तीनला डोळे चोळत डबा उघडावा आणि डब्यानेच टोमणा मारावा, याची सवय व्हायला वेळ लागतो.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे दुकानदार बी याची तारीफ नाई करू शकत?"

"नाही."

"फुकट काही देऊ नाई शकत? एकावर एक?"

"नाही."

"हा कायदा आमच्या कृषी केंद्रवाल्याले लावाले पाह्यजे," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. बहुधा ज्या ज्या बाटल्या त्यांना तारीफ करकरून विकल्या गेल्या त्या डोळ्यांपुढून जात असाव्यात.

मग मूळ पदावर आले. "बरं, डोस सांगा. एका पंपाले किती चमचे?"

"पंपाला नाही हो. तीस मिलीला एक."

त्यांनी मान वर केली, ओठ हलवले. "पंधरा लिटरचा पंप. म्हंजे... पाचशे चमचे! बाप्पा बाप्पा. लय महाग पडते हा फवारा." मग हळूच, "पहिले पानी का पहिले पावडर?"

"पहिले पाणी."

"बरोबर!" त्यांनी मांडीवर थाप मारली. एवढ्या वेळात पहिल्यांदाच मी पास झालो होतो. "पन तुमच्या गुठया होतीन. थोडक्या पान्यात पहिले लेई करा. काडीनं ढवया. थांबा, निंबाची काडी आनतो." त्यांना अर्ध्यातून परत बसवलं. बाटली हलवली की दूध होतं, ढवळायला काडी लागत नाही, हे त्यांना काही केल्या पटेना.

"आन एक चमचा जास्त गेला तं?"

मी सांगितलं. कमी गेला तर काय होतं तेही सांगितलं.

"आमी तं डबलच मारतो," काकाजी म्हणाले. "तरी अयी मरत नाई."

ते हसले, मीही हसलो. मग हसू जिरलं. 2017 च्या पावसाळ्यात इथून जवळच, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन शेतकरी गेले, शेतमजूर गेले. नंतर सगळे म्हणाले, मास्क नव्हता, हातमोजे नव्हते, दोन-दोन औषधं एकत्र कालवली. पण औषधासोबतच्या ज्या घडीपत्रकात हे सगळं लिहिलेलं असतं ते पाहा कधी. डझनभर भाषा आणि अक्षर वाचायला भिंग लागेल असं. आमच्या दुधाच्या डब्यावर तर मराठी शोधूनही सापडली नाही. इंग्रजी आहे, हिंदी आहे. वऱ्हाडातल्या आजीने तान्ह्याला दूध किती पातळ द्यायचं हे तिने कुठे वाचावं, ते छापणाऱ्याने एकदा अकोल्याच्या बसस्टँडवर येऊन सांगावं.

असो. मी झाकण शोधायला वळलो, तेवढ्यात मागून, "याचं नोझल चोंदलेलं दिसते," आणि मग ते फुंकणं झालं. गंमत अशी, की फवारणीच्या पत्रकातसुद्धा ठळक लिहिलेलं असतं, चोंदलेलं नोझल तोंडाने फुंकू नये. काकाजींनी एकाच फुंकरीत शेती आणि आरोग्य अशा दोन्ही खात्यांचे नियम मोडले.

तिकडे मुलगी उठली. तान्ह्या पोरीचा आवाज किती असावा याला काही मर्यादा. मी निपल पुन्हा उकळायला टाकलं. काकाजी म्हणाले, "काहून? आताच तं साफ केलं." लाइट गेली. कूलर बंद पडला, मामाजी उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, माठातलं पाणी कुठे गेलं.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एक वाटी आणि चमचा गॅसवर उकळत्या गंजात टाकला, काढला, बाटलीतलं दूध वाटीत ओतलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला आणि नातीला मांडीवर घेतलं. आशाताई पहिल्या दिवसापासून हेच सांगत होत्या, बाटली नीट धुतली जात नाही, त्यापेक्षा वाटी-चमचा बरा. मुलगी माझ्या हातून बाटलीने पिताना जे काही करते ते सगळं सोडून, चमचा चमचा, मिटक्या मारत प्यायली. तिच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

काकाजींनी चहा घेतला आणि गेले. जाताना म्हणाले, "पाह्यलं? नोझलचीच भानगड होती."

काकाजींवर चिडून काय होणार. त्यांना निदान माझ्या कामात रस होता. दुपारी येणाऱ्या बायकांना रस असतो तो माझ्या बायकोत. पोटावर उशी धरून, टाके सांभाळत ती बसलेली असते, आणि प्रत्येक जण आत येता येता पहिलं वाक्य तेच टाकते, "दूध नाई उतरलं का व?" मग मेथी सांगतात, खसखस सांगतात, हळीव सांगतात. कोणी शेळीचं दूध सांगते, कोणी मधाचं बोट. डॉक्टरांनी वर्षाच्या आत मध नाही म्हणून बजावलंय, ते सांगितलं तर "आमी का मेलो?" हा पुरावा हजर. मेलेले पुरावा द्यायला येत नाहीत, हे कोणी बोलत नाही. एका म्हातारीने डब्याची किंमत विचारली, आकडा ऐकला आणि म्हणाली, "पोरीले एवढं महागाचं कायले?" बायको म्हणाली, "मोठमाय, पोरगा असता तर काकडी खाल्ली असती का त्याने?" म्हातारी उठून गेली, ती अजून आलेली नाही. ही एक चांगली गोष्ट झाली.

रात्रीचं आणखी वेगळं. स्वयंपाकघर एका टोकाला, बाळंतिणीची खोली दुसऱ्या टोकाला, आणि मधली भिंत काकाजींच्या घराला सामायिक. मी इकडून विचारतो, "साठ करू का नव्वद?" ती तिकडून म्हणते, "साठच कर, उरलेलं फेकावं लागतं." ते खरंच फेकावं लागतं, उष्टं दूध परत देता येत नाही, आणि तयार करून ठेवलेलंही दोन तासांच्या पुढे चालत नाही. पण भिंतीपलीकडे ही माहिती अर्धीच पोचते. काल पानठेल्यावर एकाने मला बाजूला घेऊन अदबीने विचारलं, "जवाईबापू, रातच्या दोनले साठ, पहाटे पाचले साठ. सासऱ्याले चालते?"

काकाजी तिथेच सुपारी कातरत होते. धावून आले. "अबे, थे त्याईची नोहोय. पोरीची होय."

त्यानंतर ठेल्यावर जी शांतता पसरली ती मला वर्णन करता येणार नाही.

डबा अजून निम्मा भरलेला आहे आणि त्याची वाटणी झालीसुद्धा. रिकामा झाला की डबा सासूबाईंच्या मोहरीला. मामाजींनी झाकण मागितलंय, माठावरचं फुटलंय म्हणून. ते माठाच्या तोंडात पडेल एवढं लहान आहे, हे त्यांना मी सांगितलेलं नाही. आणि काकाजींनी चमचा. "फेकू नोका," म्हणाले, "अंदाजानं टाकन्यापरस बरा. पंपाले कामी पडन." पंप धुतात त्या बादलीजवळ त्यांनी चमच्यासाठी आतापासूनच खिळा ठोकून ठेवलाय. मला कोणी काही विचारलेलं नाही. मला काय, गंज घासा आणि पाणी उकळा.