२१ मोदकांच्या जागी ६३ मोदक: आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. गणेश चतुर्थीसाठी २१ उकडीच्या मोदकांची मागणी आपण आमच्या संकेतस्थळावर नोंदवली. माहीमला आपल्या घरी मात्र तीन डबे, म्हणजे ६३ मोदक, येऊन पोहोचले. पाहुण्यांदेखत वाद नको म्हणून आपण तिन्ही डब्यांचे पैसे दिलेत. आणि दुकानात फोन केल्यावर ‘तुम्हीच तीनदा बटण दाबलं असेल’ असे ऐकून घ्यावे लागले, अशी आपली तक्रार आहे. ती खरी आहे. ते वाक्य बोलणारा मीच होतो. त्याबद्दल आपली क्षमा मागतो, कारण ते उद्धटपणाचे होते आणि, नंतर कळले त्याप्रमाणे, चुकीचेही होते.

आमच्या सर्व्हरवरील नोंदी मी संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मुलीसोबत बसून पाहिल्या. २६ ऑगस्ट २०२५ रोजी, हरतालिकेच्या संध्याकाळी, आपली मागणी दीड मिनिटात तीन वेळा आलेली दिसते. बटण आपण एकदाच दाबले होते. आपण लोकलमध्ये होतात, दादर सुटल्यावर नेटवर्क गेले आणि ‘संपर्क तुटला’ असे पान समोर आले, असे आपणच लिहिले आहे. मागणी त्याआधीच आमच्याकडे पोहोचली होती. परत जायला हवी होती ती पोच तेवढी अडकली. याचे कारण आमच्याच मांडणीत होते. फॉर्म आला की सर्व्हर आधी मागणी नोंदवायचा, मग एसएमएस पाठवायचा, मग स्वयंपाकघरातल्या प्रिंटरवर चिठ्ठी काढायचा आणि या सगळ्यानंतर ग्राहकाला ‘मागणी मिळाली’ असे सांगायचा. त्या गर्दीच्या संध्याकाळी एवढ्याला अर्धे मिनिट लागत होते. लोकलमध्ये अर्धे मिनिट नेटवर्क टिकेल अशी अपेक्षा मुंबईत तरी कोणी धरू नये.

ते पान आपण रिफ्रेश केलेत तेव्हा ब्राउझरने ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का’ असे विचारले असणार. वेबच्या नियमांत पान नुसते वाचायला मागणे, म्हणजे ‘गेट’, कितीही वेळा केले तरी चालते. पण माहिती पाठवणे, म्हणजे ‘पोस्ट’, पुन्हा केल्यास परिणामही पुन्हा होऊ शकतो, म्हणून ब्राउझर विचारून घेतो. मोदक मिळणार की नाही या काळजीत असलेला माणूस ‘हो’ म्हणणारच. एकदा दाबल्यावर बटण बंद पडण्याची सोय आमच्याकडे होती आणि तिच्याच भरवशावर मी फोनवर ताठपणे बोललो. परंतु ती सोय फॉर्मच्या पानापुरती होती. ते पान मागे पडल्यावर बंद बटणाचा काही उपयोग उरत नाही.

आता फॉर्म उघडतानाच त्याला एक गुप्त क्रमांक मिळतो आणि तो मागणीबरोबर आमच्याकडे येतो. रिफ्रेश करून तोच फॉर्म कितीही वेळा आला तरी क्रमांक तोच असल्याने नवी मागणी तयार होत नाही. पहिल्याच मागणीची पावती पुन्हा दिसते. यातही आमची पहिली दुरुस्ती फसली, हे सांगितले पाहिजे. ‘हा क्रमांक आधी आला आहे का’ हे पाहून मग नोंद करायची, असे आम्ही केले होते. चाचणीत दोन फॉर्म एकाच क्षणी पाठवले, तर दोघांनाही ‘नाही’ हेच उत्तर मिळाले आणि दोन्ही नोंदले गेले. म्हणून आता डेटाबेसमध्येच त्या क्रमांकाला ‘युनिक’ अट घातली आहे. दुसरी नोंद तिथेच नाकारली जाते. मागणी नोंदताच ३०३ हा संकेत देऊन ब्राउझरला पावतीच्या पानावर धाडले जाते, त्यामुळे तिथे रिफ्रेश केल्यास फक्त पावती पुन्हा वाचली जाते. एसएमएस आणि चिठ्ठी ही कामे मागाहून होतात.

एकाच फोन नंबरवरून दिवसात दुसरी मागणी घेऊच नये, असे आपण सुचवले आहे. ते मात्र आम्ही केलेले नाही. सकाळी २१ मोदक नेलेल्या घरातून संध्याकाळच्या आरतीसाठी पुन्हा २१ मागवले जातात, आणि त्यांना नाही म्हणणे बरे नव्हे. त्याऐवजी नव्याने उघडलेल्या फॉर्ममधून तशीच मागणी आली, तर ‘ही दुसरी मागणी आहे का’ असे संकेतस्थळ विचारते. फोनवर मागण्या घेत असताना वडील वहीत नाव पाहून हेच विचारत: ‘अहो, सकाळी सांगितलंत, तेच ना?’ संकेतस्थळ करून घेताना हा प्रश्न त्यात घालायचे आमच्या डोक्यातच आले नाही.

जास्त माल खपवण्यासाठी आम्ही हे मुद्दाम केले, हा आपला आरोप मात्र मान्य नाही. उकडीचा मोदक दुसऱ्या दिवशी कोणाच्या उपयोगाचा नसतो, आणि त्या संध्याकाळी आम्ही काही ग्राहकांना मोदक संपले म्हणून परत पाठवले होते.

दोन डब्यांचे १,५९६ रुपये, ज्या यूपीआय खात्यातून आले त्याच खात्यात, आज सकाळी परत केले आहेत. ते मोदक आपल्याकडे खाल्ले गेले असतील तरी त्यांचे पैसे आम्हाला नकोत.