अकरा आधारकार्डं आणि एक सडा

आज देवगडात लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी मुंबईचे एक पाहुणे. सोलकढी पिता पिता म्हणाले, "गावच्या लोकांना कोरोनाची लस नकोच होती हो, घाबरायची सगळी." लग्नघर म्हणून गप्प बसलो. इथे नाही बसत.

मे 2021. 18 ते 44 वाल्यांना कोविनवर, म्हणजे सरकारच्या लसीच्या वेबसाइटवर, नाव घातल्याशिवाय लस नाही. आमच्या वाडीत रेंज नाही आणि धड चालणारा फोन माझाच. माझ्यासकट अकरा जणांची आधारकार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी रोज संध्याकाळी सडा, म्हणजे वरचं कातळाचं पठार, चढायचो. करवंदीच्या जाळीपाशी रेंजच्या दोन दांड्या यायच्या. करवंदं खात ओटीपीची वाट बघायची. आला की पिनकोड टाका, केंद्र निवडा, ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखा, तोवर सगळं बुक!

घाबरत होती म्हणे. घाबरणारा माणूस परक्याच्या पिशवीत आधारकार्ड टाकतो?

हो, काही घाबरली. एकजण तर आशाताईला बघून माडामागे दडला होता. पण दंडाला लोहचुंबक चिकटल्याचे व्हिडिओ आम्हाला पाठवले कोणी? मुंबईच्याच ग्रुपांनी.

आणि केंद्राबाहेर गाड्या कुठल्या? एमएच 02, एमएच 04, एमएच 43. पिनकोड आमचा, दंड त्यांचा.

असो. शिमग्याला येऊन अडकलेले चाकरमानीच ते, आमच्याच घरातले. नोकऱ्या टांगणीला होत्या. पुढे 15 ऑगस्टपासून लोकलसुद्धा दोन डोसवाल्यांनाच मिळाली, म्हणजे त्यांची घाई काही खोटी नव्हती. मान्य. पण आमच्या वाटणीची लस टोचून घेऊन वर आम्हालाच घाबरट म्हणायचं?

सड्यावरची खरी गोची मी कोणाला सांगितलेली नाही. एका नंबरवर चारच नावं बसायची. अकरातली चार निवडायची मी. रिक्षावाला घेतला. बाजारात मासळी विकणारी घेतली. ज्याच्या बापाचं डायलिसिस चालू होतं तो घेतला. चौथं नाव माझं स्वतःचं, खोटं कशाला बोलू? उरलेली सात कार्डं घेऊन सडा उतरताना पिशवी जड लागायची.

एवढं करून स्लॉट लागला एकट्या रिक्षावाल्याचा. मग लस कमी पडली म्हणून राज्यानेच आमच्या वयोगटाचं थांबवलं. त्यावर 16 मेला तौक्ते वादळ आलं आणि सड्यावरच्या त्या दोन दांड्याही गेल्या.

21 जूनपासून आधी नोंदणी करायची अट सुटली आणि भर पावसात, छत्र्या घेऊन अख्खी वाडी केंद्रावर. एक व्हायल फोडली की दहा माणसं हवीत, नाहीतर उरलेली लस फुकट. म्हणून आशाताई चिखल तुडवत दहावं माणूस शोधत घरोघर फिरायची. माडामागच्यालाही तिनेच ओढून आणला. त्या पाहुण्यांना ही बाई दाखवायला हवी होती.

शेजारची वहिनी त्या सातांतली. आज लग्नातून परतताना रिक्षात जागा चौघांचीच होती, तर मला ऐकवते कशी, "भावजीनू, तुमच्या चौघांत मी कधी होतंय?"

मी उतरलो आणि चालत आलो.