सिगार पेटवण्याबद्दलच्या कमेंटला उत्तर

सिगार नीट, वेळ घेऊन कसा पेटवायचा यावरच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट वाचली. थोडक्यात तुमचं म्हणणं असं, की सिगार पेटवायला मिनिटभर कशाला घालवायचं, तोंडात धरायचा, टॉर्च लायटर (जोरदार गॅसची ज्योत फेकणारा) मारायचा, दोन झुरके की काम झालं, लाइट गेली तर मेणबत्तीवरही पेटतो, बाकी सगळा शो-ऑफ आणि वर मी तंबाखूचं कौतुक करतोय. आणि शेवटी तुम्हीच लिहिलंय की इथे मिळणारे सिगार बेकार असतात, कडू लागतात, निम्म्यात विझतात. माझं म्हणणं हेच आहे की यातला बराचसा दोष सिगारचा नाही, पेटवण्याचा आहे.

सिगरेटशी तुलनाच करू नका हो. सिगरेट जेमतेम 8 मिमी जाड, आत बारीक कापलेली तंबाखू, मध्ये हवाच हवा आणि बाहेर लगेच पेट घेणारा कागद. आता क्युबाचा साधा रोबुस्तो (सिगारचा एक आखूड, जाड आकार) घ्या, रिंग गेज, म्हणजे जाडीचं माप, 50, म्हणजे इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 50, जवळपास 20 मिमी. जाडी अडीचपट, म्हणजे पेटवायचं तोंड सहापटीहून मोठं. आत चुरा नसतो, लांबच्या लांब पानं दुमडून भरलेली असतात आणि ती सगळी सारख्या वेगाने जळत नाहीत. झाडाच्या खालच्या भागातलं वोलादो पटकन पेटतं, मधलं सेको, आणि शेंड्याकडचं लिहेरो जाड, तेलकट, कडक, ते सगळ्यात हळू जळतं म्हणून वळणारा ते मुद्दाम मधोमध ठेवतो. त्यावर बांधायचं पान, त्यावर सगळ्यात बाहेरचं. तुम्ही एका बाजूने ज्योत मारून ओढायला लागलात की ती कड पुढे पळते, मधलं लिहेरो अर्धवट पेटलेलं राहतं, आणि मग तुम्ही सिगार विझू नये म्हणून जोरजोरात ओढता, तो तापतो, तापला की कडू होतो. हा कडूपणा कंपनीने भरलेला नाही.

म्हणून आधी नुसतं शेकायचं. सिगार हातात तिरका धरा, साधारण 45 अंशात, ज्योत खाली, आणि ज्योतीचं टोक पानाला लागू द्यायचं नाही. हळूहळू फिरवत राहा, वीस-तीस सेकंदांत कड काळी पडते, बारीक धूर निघायला लागतो. मग तोंडात धरा, ज्योत तशीच लांब, फिरवत फिरवत छोटे झुरके. आता सिगार उलटा करून पेटलेल्या तोंडावर अलगद फुंकर मारा, ही स्टेप कोणीच करत नाही आणि सगळं इथेच कळतं. निखारा गोल, सगळीकडे सारखा लाल दिसला तर झालं. कुठे काळा डाग दिसला तर तेवढ्याच जागी परत ज्योत दाखवा.

टॉर्च लायटर वापरा की, मीही वापरतो, पण त्याची ज्योत हजार अंशांच्या बरीच वर असते, चिकटवलीत तर पान शेकलं जात नाही, कोळसा होतो. मेणबत्ती नको, काजळी आणि मेणाचा वास थेट पानात जातो. पेट्रोलवाल्या लायटरचंही तेच. साधी काडेपेटी चालते, फक्त लाकडी काड्यांची घ्या, मेणाच्या नको, आणि काडीचं डोकं पूर्ण जळून जाऊ द्या कारण त्यात गंधक असतं.

आणि मुंबई-कोकणातला पावसाळा! सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता लागते, जुलैत आपल्याकडे हवाच 85च्या वर. बाहेर पडून राहिलेला सिगार ओला झालेला असतो, तो कसाही पेटवा, धड जळणार नाही.

आता कौतुकाचा मुद्दा, तो मला मान्य आहे आणि हे त्या पोस्टमध्येच यायला हवं. धूर छातीत घेत नाही म्हणून सिगार सेफ, असं खूप जण समजतात, ते साफ चूक आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, सगळ्यांच्या कॅन्सरचा धोका आहे, आणि एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. जो ओढत नाही त्याने माझं वाचून सुरू करू नये, अगदी मनापासून सांगतो.

राहिला तुमचा निम्म्यात विझणारा सिगार. एक कड मागे राहिली असेल तर ती बाजू खाली करून धरा, बऱ्याचदा आपोआप सावरतं. विझलाच तर राख हलकेच झाडा, सिगारमधून उलटी फुंकर मारून आतला शिळा धूर बाहेर काढा आणि परत पहिल्यासारखं शेकून पेटवा. तास-दोन तासांत केलंत तर चालतं, रात्री विझलेला सकाळी पेटवू नका, फेकून द्या.