हॉर्टा, गालिचा आणि आपले आक्षेप : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘स्टार ट्रेक’ या अवकाशप्रवासाच्या अमेरिकी मालिकेतील ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा 1967 सालचा भाग पुन्हा पाहताना मी जी टिपणे लिहिली, त्यांवर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मी ज्या प्राण्याविषयी इतक्या आस्थेने लिहितो तो हॉर्टा म्हणजे गालिचा पांघरून रांगणारा माणूस आहे. सिलिकॉनपासून घडलेला सजीव ही कल्पना विज्ञानात टिकत नाही. आणि लहानपणीच्या ओढीमुळे मी या मालिकेच्या उणिवांकडे, विशेषतः तिने स्त्रियांना दिलेल्या स्थानाकडे, डोळेझाक करतो.

गालिचाबद्दल वाद नाही. त्या पोशाखात यानोस प्रोहास्का हा कलावंत खरोखरच रांगत होता आणि ते दिसतेही. आपणही इंदूरचेच आहात, तेव्हा गणेशोत्सवातील मंडपात रंगवलेल्या पडद्यासमोर झालेली नाटके आपणही पाहिली असतील; वाऱ्याने राजवाड्याचा खांब हलला म्हणून कोणी उठून गेल्याचे मला आठवत नाही. परंतु माझा मुद्दा केवळ सांभाळून घेण्याचा नाही. या भागात एक क्षण असा येतो की त्यानंतर गालिचा दिसेनासा होतो, आणि तो क्षण नेमका कोणता हे शोधण्यासाठी मी तो प्रसंग तीनदा मागे नेऊन पाहिला. परग्रहावरील खाणीत या प्राण्याने पन्नासहून अधिक खाणकामगार मारले आहेत, आणि अवकाशयानाचा कॅप्टन कर्क याने प्राणी दिसताच ठार करण्याचा हुकूम दिला आहे. त्याचा सहकारी आणि मित्र स्पॉक शिपायांना हळूच सुचवतो की जमल्यास त्याला जिवंत पकडावे, आणि त्याबद्दल कर्कचे बोल ऐकून घेतो. पुढे बोगद्याचे छत कोसळून कर्क त्या प्राण्यासमोर एकटा सापडतो. आता संपर्कयंत्रावरून स्पॉकच त्याला विनवतो आहे की मारा, ताबडतोब मारा. आणि ज्याने हुकूम दिला तो कर्क शस्त्र न चालवता त्या प्राण्याची जखम पाहतो आणि त्याच्यासमोर बसून राहतो. मित्राचा जीव धोक्यात आला तेव्हा एकाचे तत्त्व ढळले आणि जखम समोर दिसली तेव्हा दुसऱ्याचा हुकूम ढळला, पण ही अदलाबदल कोणीही बोलून दाखवत नाही. नेपथ्यात त्या वेळी पुठ्ठ्याच्या खडकांपलीकडे काहीही नाही. सारा भार लेखनावर आणि नटांवर आहे, आणि तो त्यांनी पेलला आहे, असे माझे ठाम मत आहे.

याच कारणाने मी किरकोळ तपशील टिपतो. यानावरचे डॉक्टर मॅकॉय यांची काही उपकरणे मुळात मीठ भुरभुरवायच्या डब्या होत्या, हे मी लिहिले ते हसण्यासाठी नव्हे. हाताशी इतके थोडे असताना माणसे काय उभे करत होती, ते त्यावरून कळते.

विज्ञानाच्या बाबतीत आपण बरेच बरोबर आहात. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या थेट खाली येतो, त्यालाही चार बंध जोडता येतात, म्हणून ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. परंतु कार्बन जळला की वायू होतो आणि श्वासावाटे बाहेर टाकता येतो, तर सिलिकॉनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की वाळू होते. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे 28 टक्के सिलिकॉन असून कार्बन अत्यल्प आहे, तरीही इथली जीवसृष्टी कार्बनवरच उभी राहिली, हे आपल्या बाजूचे सर्वांत भक्कम प्रमाण आहे. मात्र ज्या भागात खाणकामगार सिलिकॉनचे गोळे निरुपयोगी दगड समजून फोडतात आणि ती त्या प्राण्याची अंडी निघतात, त्या भागाचा प्रश्न रसायनाचा कमी आणि ओळखण्याचा अधिक आहे : जे आपल्यासारखे दिसत नाही, ते जिवंत आहे हे आपण कशावरून ठरवणार?

लहानपणीच्या ओढीचा आरोप मात्र मला मान्य नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागे, तेव्हा रामबागेतील आमच्या घरी मला इंग्रजी संवाद फारसे कळत नसत, आणि मन जडले होते ते ‘अरीना’ या भागावर, ज्यात कर्क गंधक, सोरा आणि कोळसा मिसळून तोफ बनवतो. हॉर्टाचा भाग मला तेव्हा कंटाळवाणा वाटला होता. तो आवडू लागला तो चाळिशी ओलांडल्यावर.

राहिला स्त्रियांचा प्रश्न, आणि इथे चूक माझी आहे. आपली प्रतिक्रिया वाचून मी तो भाग काल रात्री पुन्हा पाहिला. त्यात एकही स्त्री एक शब्दही बोलत नाही. संपूर्ण कथेत महत्त्वाची अशी एकच मादी आहे, ती म्हणजे अंडी राखणारी हॉर्टा, आणि तिलाही स्वतःचा आवाज नाही. दगडावर तिने कोरलेले तीन शब्द सोडले, तर तिचे सारे म्हणणे, तिच्या मनाशी आपले मन जोडणाऱ्या स्पॉकच्या तोंडून येते. त्या वेळच्या स्पॉकच्या ज्या किंकाळीला आपण अतिरंजित अभिनय म्हणता, ती तिची वेदना आहे, आणि ती उच्चारायला पुरुषाचे तोंड लागले, ही गोष्ट इतक्या वेळा पाहूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. मूळ टिपणात आज हा परिच्छेद जोडला असून तो आपल्या आक्षेपामुळे सुचल्याचे तिथे नमूद केले आहे.