पुतळा राहिला, झार गेला

फिनलंडची राजधानी हेलसिंकी. तिच्या मधोमध, सिनेट चौकात, रशियाच्या झारचा पुतळा आहे. दुसरा अलेक्झांडर. १८९४ साली बसवला आणि तेव्हापासून तिथेच आहे. मागे पांढरं शुभ्र कॅथेड्रल, एका अंगाला सरकारची मुख्य कचेरी, दुसऱ्या अंगाला विद्यापीठ. या देशाची रशियाला लागून तेराशे किलोमीटरहून लांब सीमा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो रशियाशी दोनदा लढला, त्यात मुलूख गमावला, आणि २०२३ मध्ये नाटोत गेला तोही रशियाच्याच धास्तीने. अशा देशाच्या राजधानीत सगळ्यात मानाच्या जागी रशियाचा सम्राट! भारतातून आलेला जवळजवळ प्रत्येक पाहुणा मला विचारतो, "हा इथे कसा ठेवला यांनी?"

प्रश्न आपल्याकडच्या वातावरणातून येतो, हे उघड आहे. मी मूळचा नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर. औरंगजेब १७०७ मध्ये आमच्या नगरजवळ भिंगारला मेला आणि खुलताबादला पुरला गेला. २०२५ च्या मार्चमध्ये ती कबर हटवण्याच्या मागणीवरून महाराष्ट्र तापला, नागपुरात दंगल झाली. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. पुण्याच्या काकांनी लिहिलं, "अरे, त्या फिनलंडकडे बघा, परक्या राजाचा पुतळाही जपतात." त्यावर धाकट्या चुलतभावाचं उत्तर आलं, "दादा, त्यांच्या राजाला कुणी हाल करून मारलं नव्हतं. आम्हाला त्यांचे दाखले नकोत."

मला दोघांनाही सांगायचं आहे की फिनलंडचा दाखला तुम्ही समजता तसा नाही. हा पुतळा लोकांच्या मोठ्या मनामुळे उभा राहिलेला नाही. त्यामागे एक भांडण आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

फिनलंड सहा शतकं स्वीडनच्या राज्यात होता. १८०८ मध्ये पहिल्या अलेक्झांडरच्या फौजा आत शिरल्या आणि १८०९ च्या तहाने स्वीडनने हा मुलूख रशियाला देऊन टाकला. झारला राजधानी सेंट पीटर्सबर्गच्या उंबऱ्यावर शांतता हवी होती. नेपोलियनच्या काळात शेजारी धगधगता प्रदेश परवडणारा नव्हता. म्हणून त्याने पोर्वो नावाच्या छोट्या गावात इथल्या प्रतिनिधींची सभा बोलावली आणि वचन दिलं, की तुमचा धर्म, तुमचे कायदे, तुमचे हक्क जसेच्या तसे राहतील. रशियात ज्याच्या शब्दाला कुठलाच कायदा आडवा येत नव्हता, तो माणूस इथे जुन्या स्वीडिश कायद्यांच्या चौकटीत राहायला कबूल झाला. फिनलंड हे स्वायत्त संस्थान झालं, झार त्याचा ग्रँड ड्यूक. १८१२ मध्ये तुर्कूहून राजधानी हेलसिंकीला हलवली गेली. आज पर्यटक ज्या चौकाचे फोटो काढतात तो झारच्या काळातच कार्ल लुडविग एंगेल या वास्तुविशारदाने आखला.

पण वचन देऊन झार विसरले. सभा पुन्हा भरली ती ५४ वर्षांनी, १८६३ मध्ये, दुसऱ्या अलेक्झांडरने बोलावली तेव्हा. त्याच वर्षी त्याने हुकूम काढला की वीस वर्षांच्या आत फिनिश भाषेला कचेऱ्यांत आणि न्यायालयांत स्वीडिशच्या बरोबरीचं स्थान मिळालं पाहिजे. तोवर फिनिश ही शेतकऱ्याची, मजुराची बोली. कोर्टात आपल्याविरुद्ध काय निकाल लागला हेही त्याला परक्या भाषेत ऐकावं लागे. फिनलंडचं स्वतंत्र नाणं, मार्का, हेही १८६० चं, त्याच्याच कारकिर्दीतलं. यात त्याचा हिशेब होता, प्रेम नव्हतं. क्रिमियाच्या युद्धात हरल्यावर साम्राज्य सावरायचं होतं आणि स्वीडनकडे झुकलेल्या इथल्या उच्चवर्गाला वचक हवा होता. तरी शेतकऱ्याला कोर्टात आपली भाषा मिळाली, हे खरंच आहे.

आणि हाच अलेक्झांडर पोलंडमध्ये काय होता? ज्या १८६३ मध्ये त्याने हेलसिंकीत सभा उघडली, त्याच वर्षी पोलंडमध्ये उठाव झाला आणि त्याने तो चिरडला. उठावाच्या नेत्याला, रोमुआल्ड त्रौगुत्तला, १८६४ मध्ये वॉर्सॉत फाशी दिलं. हजारो लोक सायबेरियाला पाठवले. शाळा-कचेऱ्यांतून पोलिश भाषा हुसकायला सुरुवात झाली. काकेशसमधल्या सर्केशियन लोकांना त्यांच्या डोंगरांतून उठवून ऑटोमन मुलखात हाकललं ते याच झारच्या काळात. खुद्द रशियात १८६१ ला त्याने दोन कोटींहून अधिक भूदासांना मुक्त केलं, पण जमिनीची किंमत ४९ वर्षांच्या हप्त्यांत त्यांच्याच मानगुटीवर ठेवली. १८८१ मध्ये क्रांतिकारकांच्या बॉम्बने तो मेला. एकच माणूस, एकच मुकुट. बल्गेरियात तो मुक्तिदाता म्हणून सोफियाच्या संसदेसमोर घोड्यावर बसलेला आहे. वॉर्सॉच्या लोकांनी मात्र स्वातंत्र्य मिळाल्यावर, १९२० च्या दशकात, शहराच्या मुख्य चौकात रशियनांनी बांधलेलं भलंमोठं अलेक्झांडर नेव्हस्की कॅथेड्रल पाडून टाकलं. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. वॉर्सॉच्या लोकांना असहिष्णू म्हणण्याची माझी हिंमत नाही. त्यांच्या छातीवर ते मुद्दाम उभं केलेलं होतं. काका, म्हणून सांगतो, पाडलं म्हणजे मागासलेपण आणि ठेवलं म्हणजे संस्कृती, असं समीकरण मांडता येत नाही.

आता सिनेट चौकाकडे परत येतो. १८९४ मध्ये पुतळा बसला आणि त्याच वर्षी दुसरा निकोलस गादीवर आला. १८९८ मध्ये त्याने बोब्रिकोव्ह नावाचा गव्हर्नर-जनरल इथे पाठवला. १८९९ च्या फेब्रुवारीत जाहीरनामा निघाला, की साम्राज्याच्या हिताचे कायदे इथल्या सभेच्या संमतीशिवाय लागू करता येतील. पोर्वोचं वचन मोडलं. मग लोकांनी काय करावं? भर हिवाळ्यात, बर्फातून स्की करत, माणसं गावोगाव फिरली आणि जेमतेम दोन आठवड्यांत पाच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. तेव्हा देशाची लोकसंख्या तीस लाखांच्याही आत होती. पाचशे जणांचं शिष्टमंडळ सह्या घेऊन पीटर्सबर्गला गेलं. निकोलसने त्यांना भेट नाकारली.

त्या दिवसांत हेलसिंकीचे लोक सिनेट चौकात येऊन मेलेल्या झारच्या पायाशी फुलं ठेवत होते. फुलांचे ढीग लागले. ही भक्ती नव्हती. पुतळ्यातला अलेक्झांडर सभेपुढे बोलताना घडवलेला आहे आणि त्याच्या पायथ्याशी ढाल आणि सिंह घेतलेली कायद्याची स्त्रीमूर्ती आहे. लोक जिवंत झारला सांगत होते, की तुझ्याच आजोबाने आम्हाला शब्द दिला होता, तो पाळ. पोलिसांनी त्यांना अडवायचं तरी कोणत्या तोंडाने? फुलं तर झारलाच वाहिली जात होती! एका सम्राटाचा पुतळा दुसऱ्या सम्राटाविरुद्धचा पुरावा झाला. पुढे १९०४ मध्ये बोब्रिकोव्हचा खून झाला, १९०५ मध्ये सार्वत्रिक संप झाला, आणि १९०६ मध्ये नव्या संसदेचा कायदा आला, ज्यात बायकांना मत द्यायचा आणि उमेदवार व्हायचाही हक्क होता. १९०७ च्या निवडणुकीत १९ स्त्रिया निवडून आल्या. तेव्हाही गादीवर निकोलसच होता.

म्हणून हा पुतळा राहिला. १९१७ मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर तो काढावा असं म्हणणारे होतेच. पण सम्राट जाताना इथे जे उरलं, ते न्यायालय, संसद, नाणं, कचेरीतली भाषा, ते लोकांनी आधीच भांडून आपलं करून घेतलं होतं. पुतळ्याची भीती उरली नव्हती. फिनलंडला मी देवळात बसवत नाही. १९१८ च्या यादवीनंतर याच देशाने आपल्याच पराभूत नागरिकांना छावण्यांत कोंडलं आणि तिथे भुकेने, रोगाने बारा हजारांच्या आसपास माणसं मेली.

याच्या नेमकं उलट पाहायचं असेल तर पूर्वेला पाहा. एप्रिल १९१८ मध्ये रशियात सत्तेवर आलेल्या लेनिनच्या बोल्शेविकांनी झारांची स्मारकं हटवण्याचा हुकूम काढला. मॉस्कोतला तिसऱ्या अलेक्झांडरचा भव्य पुतळा त्याच वर्षी उतरवला. निकोलसला कुटुंबासकट गोळ्या घातल्या. झारचं नामोनिशाण ठेवायचं नाही असा निर्धारच होता. पण झारची गुप्त पोलीस संघटना १९१७ च्या सुरुवातीला बरखास्त झाली आणि ते वर्ष संपायच्या आत नव्या सत्तेने चेका ही स्वतःची गुप्त पोलीस संघटना उभी केली. माणसाला गावाशी बांधून ठेवणारा देशांतर्गत पासपोर्ट रद्द झाला होता, तो १९३२ मध्ये परत आला. सायबेरियाची वाट तर बंद झालीच नाही, उलट झारला सुचलं नसेल एवढी रुंद झाली. आणि शंभर वर्षांनी पुतळेही परतले. २०१६ मध्ये ओरिओल शहरात इव्हान द टेरिबलचा, २०१७ मध्ये बळकावलेल्या क्रिमियात तिसऱ्या अलेक्झांडरचा. जून २०२२ मध्ये, युक्रेनवरचं आक्रमण चालू असताना, पुतीन यांनी पीटर द ग्रेटचा दाखला दिला: त्याने मुलूख घेतला नव्हता, परत मिळवला होता, आणि आता तेच काम आपल्यावर आलं आहे. ज्या पीटरच्या फौजांनी १७१३ ते १७२१ मध्ये फिनलंड ताब्यात ठेवून लोकांना गुलाम म्हणून पळवून नेलं, तोच हा पीटर. इथल्या लोकांनी ते भाषण फार लक्ष देऊन ऐकलं.

त्याच २०२२ मध्ये तुर्कू आणि कोत्का या शहरांनी आपापले लेनिनचे पुतळे उतरवले. हेलसिंकीने मॉस्कोने भेट दिलेलं जागतिक शांततेचं शिल्प काढून ठेवलं. वास्तविक फिनलंडचं स्वातंत्र्य मान्य करणारं सरकार लेनिनचंच होतं. तरी लेनिन गेला आणि झार राहिला, कारण कोण काय देऊन गेला आणि काय ओरबाडून गेला याचा हिशेब इथे एकेका माणसाचा वेगवेगळा मांडला जातो.

आता आपल्याकडे. माझ्या चुलतभावाचा राग मला खोटा वाटत नाही. संभाजी महाराजांच्या मृत्यूची गोष्ट मीही लहानपणी ऐकली आहे आणि ऐकताना रडलो आहे. शहराचं नाव बदललं याचंही मला वाईट वाटत नाही. आपल्या गावाला काय म्हणायचं हे ठरवायचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा. कबर मात्र फोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याने पंचवीस वर्षं दख्खन जिंकायचा हट्ट धरला, तो इथेच मातीत गेला, याचा तो पुरावा आहे आणि तो मराठ्यांच्या बाजूचा पुरावा आहे. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. आपण मेलेल्या सम्राटाशी भांडण्यात इतके रंगतो, की सम्राटांनी मागे ठेवलेल्या यंत्राकडे आपलं लक्षच जात नाही.

आमच्या पारनेरचे सेनापती बापट. १९०८ च्या आधी पॅरिसमध्ये त्यांनी झारविरुद्ध लढणाऱ्या रशियन क्रांतिकारकाकडून बॉम्बची कृती मिळवली आणि ती भारतात आणली. त्याच १९०८ मध्ये केसरीतल्या अग्रलेखांवरून टिळकांवर खटला झाला, त्या लेखांतही रशियातल्या बॉम्बचा दाखला होता. टिळकांना मंडालेला पाठवणारं राजद्रोहाचं १२४-अ कलम १८७० चं. राणी गेली, व्हाइसरॉय गेले, मुंबईतले राणीचे पुतळे चौकांतून हटले. ते कलम मात्र २०२४ मध्ये दंडसंहिताच बदलेपर्यंत पुस्तकात राहिलं, आणि नव्या संहितेतही त्याचा वारस बसलेला आहे. बापटांनी पुढे १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह केला. धरणासाठी शेतकऱ्यांची जमीन ज्या कायद्याने घेतली जात होती तो भूसंपादन कायदा १८९४ चा, म्हणजे सिनेट चौकातल्या पुतळ्याच्या वयाचा. स्वातंत्र्यानंतरही तो कायदा साठ वर्षांहून जास्त चालला. आमच्या राज्यातली कितीतरी धरणं त्याच कायद्याने घेतलेल्या जमिनींवर उभी आहेत आणि धरणग्रस्तांची दुसरी-तिसरी पिढी अजून कचेऱ्यांचे उंबरे झिजवते आहे.

"तुला तिकडे बसून काय कळणार," असं मला नेहमी ऐकवलं जातं. दूर राहणाऱ्याला रोजची झळ लागत नाही, हे मान्य. पण इथे राहून एक प्रश्न विचारायची सवय लागली: राजा गेला, पण त्याची कचेरी कुणाची झाली? हा प्रश्न मी ग्रुपवर विचारला तेव्हा पुतण्याने लिहिलं, "काका, पण ते सगळं २०१३ च्या नव्या कायद्याने सुटलं ना?" काही अंशी सुटलं. जमीन घेण्याआधी गावावर काय परिणाम होईल याचा अभ्यास त्या कायद्याने सक्तीचा केला. २०१८ मध्ये महाराष्ट्राने त्यात दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना त्या अभ्यासातून वगळण्याची मुभा सरकारला दिली. ती दुरुस्ती मी त्या दिवशी ग्रुपवर टाकली आहे आणि पुतण्याला सांगितलं आहे, की आपल्या तालुक्यातल्या कोणत्या गावांना ती लागू झाली ते तहसील कचेरीत जाऊन विचार.