डॅशकॅम जरूर लावा, पण क्लिप फेसबुकवर टाकू नका

गेल्या महिन्यात सिग्नलला उभी होते. पुढची गाडी मागे आली आणि माझ्या बंपरवर आदळली. त्यातले गृहस्थ उतरले ते चढ्या आवाजातच, "मागून तुम्ही ठोकलंत!" डॅशकॅमची, म्हणजे गाडीच्या काचेवर लावलेल्या कॅमेऱ्याची, क्लिप दाखवली, तेव्हा ते गप्प झाले. गाडीत कॅमेरा हवाच, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते आहे.

त्याच संध्याकाळी चार जणांनी आग्रह धरला, "टाक ना फेसबुकवर, कळू दे लोकांना." मी नाही टाकली. त्यात नंबर प्लेट दिसत होती, त्यांचा चेहरा दिसत होता आणि त्यांचा हात धरून उतरलेली, घाबरलेली लहान मुलगीही. त्या पोरीचा काय दोष?

मग मी याबद्दल वाचत बसले. जर्मनीतला खटला मला फार पटला. शेजारच्या लेनमधून वळताना दोन गाड्या एकमेकींना घासल्या, आणि लेन कोणी सोडली ते ठरेना. खालच्या कोर्टांनी डॅशकॅमचं चित्रण बघायलाच नकार दिला. मे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने म्हटलं, की विनाकारण सतत चित्रण करत राहणं डेटा संरक्षण कायद्याविरुद्ध आहे, तरीही नुकसानभरपाईच्या दाव्यात हा पुरावा चालू शकतो. जुनं चित्रण आपोआप पुसलं जाईल आणि धडक बसली तरच जपलं जाईल, अशी सोय कॅमेऱ्यात करता येते, याकडेही कोर्टाने लक्ष वेधलं. आपल्यापैकी किती जणांनी ही सेटिंग उघडून पाहिली आहेत?

सगळीकडे इतकं मोकळं नाही. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका खासगी गाडीतलं चित्रण वाहतुकीच्या गुन्ह्यात पुरावा म्हणून नाकारलं. समोरच्याला आपलं चित्रण होतंय हे कळत नाही आणि गुन्हा तितका गंभीर नाही, हे कारण. ऑस्ट्रियात तर सतत चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यामुळे दंड होऊ शकतो. गाडी घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांनी हे आधी बघून घ्यावं.

कॅमेरा काचेवर कुठे लावायचा, यालाही नियम असतात. कॅलिफोर्नियात प्रवाशाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात सात इंची चौकोन आणि चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात किंवा वर मधोमध पाच इंची, एवढीच जागा ठरवून दिली आहे. तिथे धडकेच्या आधीची ३० आणि नंतरची ३० सेकंदंच जपायची, आणि गाडीत रेकॉर्डिंग होतंय अशी पाटी प्रवाशांना दिसेल अशी लावायची.

आवाजाचं मात्र कुणाच्या लक्षातच येत नाही. शेजारी बसलेली मैत्रीण तिच्या घरातलं काही सांगत असते आणि माइक चालूच असतो. मी माझा बंद केला.

त्या धडकेची क्लिप फक्त विमा कंपनीला दिली. मूळ मेमरी कार्ड काढून वेगळं ठेवलं आहे. दावा मिटला की पुसणार.